लहान मुलासह दूरच्या आप्तांकडे प्रवास : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता तिसरी व चौथीसाठी, पेण व रोहे तालुक्यांतील शाळांस अनुलक्षून)

१. प्रास्ताविक

वार्षिक परीक्षा संपली की खेड्यापाड्यांतील घरांत प्रवासाची बोलणी सुरू होतात. कोणास मुंबईस काकांकडे जावयाचे असते, कोणास खेड-चिपळूणकडे आजोळी, तर कोणास पुण्यास थोरल्या बहिणीच्या सासरी. भाद्रपदात हाच ओघ उलट वाहतो. गणपतीसाठी मुंबई-ठाण्याची मंडळी कोकणात उतरतात आणि पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांतून निघालेल्या मूर्ती त्यांच्या आधी सर्वत्र पोहोचलेल्या असतात. या जाण्यायेण्यात घरातील लहान मूल नेहमीच बरोबर असते. परंतु प्रवासाचा बेत ठरविताना त्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो.

शाळेच्या दृष्टीने या प्रवासाची नोंद हजेरीपटावर एका खुणेपुरतीच होते. मूल गेले, गैरहजर लागले, परत आले, पुन्हा ओळीत बसले. मधल्या आठ-पंधरा दिवसांत त्याने खाडी ओलांडली, बोगदा पाहिला, वेगळी बोली ऐकली, अनोळखी घरात झोपण्याची भीती जिंकली. हे सर्व वर्गाच्या दाराशीच थांबते. परिसर अभ्यासाचे पुस्तक ज्या गोष्टी चित्रांतून शिकवू पाहते, त्यांपैकी पुष्कळशा मुलाने स्वतः अनुभवलेल्या असतात. त्या अनुभवाचा उपयोग कसा करून घ्यावा, आणि प्रवास मुलास सुखाचा व निर्धोक व्हावा म्हणून शिक्षकाने पालकांस काय सांगावे, याचा विचार या पाठात केला आहे.

२. पाठाचे हेतू

(अ) आपल्या गावापासून आप्तांच्या गावापर्यंतचा मार्ग मुलास क्रमाने सांगता यावा.
(आ) स्वतःचे पूर्ण नाव, आईवडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा न चुकता सांगता यावा.
(इ) प्रवासात धाकट्या भावंडाची काळजी घेण्याची समज यावी.
(ई) परक्या गावातील पाणी, नदी, प्राणी व माणसे यांच्याविषयी सावधपणा आणि आदर या दोन्ही गोष्टी अंगी बाणाव्यात.
(उ) वर्गातील प्रत्येक मुलाचा प्रवास, मग तो कोणत्याही कारणाने घडलेला असो, सांगण्याजोगा आहे असे सर्वांस वाटावे.

पाचवा हेतू शेवटी आला असला तरी तो गौण नाही. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

३. मार्गाची ओळख : काल आणि आज

पाठाचा आरंभ गावातील वृद्धांच्या आठवणींपासून करावा. पेण, नागोठणे, रोहे या भागातील जुन्या पिढीचा मुंबईचा प्रवास पुष्कळ अंशी पाण्यावरून होत असे. अंबा नदीच्या खाडीवरील धरमतर बंदर आणि अलिबागकडील रेवस बंदर ही नावे जुन्या माणसांच्या बोलण्यात अद्याप येतात. घरापासून बंदरापर्यंत बैलगाडी, पुढे बोट, आणि उतरल्यावर भाऊचा धक्का, असा तो क्रम असे. मुलांनी आपल्या आजी-आजोबांस विचारून हा क्रम लिहून आणावा.

या मार्गाची एक दुःखद आठवणही मुलांस वयाच्या बेताने सांगणे योग्य होईल. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट भर पावसाळ्यात वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्या दिवसाच्या ओढीने घराकडे निघालेली ती माणसे होती. घरी पोहोचण्याची घाई आणि खवळलेले हवामान यांची गाठ पडली म्हणजे काय घडू शकते, हे या घटनेवरून कळते. गर्दीने ओसंडणाऱ्या वाहनात मुलास कोंबण्यापेक्षा पुढच्या गाडीची वाट पाहणे केव्हाही बरे, हा बोध पालकांच्या सभेतही सांगावा.

त्यानंतर रस्ता आणि रेल्वे यांकडे वळावे. महाराष्ट्रातील एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पेण व रोहे या दोन्ही ठिकाणी एस.टी.ची आगारे आहेत. मुंबई-गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा जातो. रोहे मात्र महामार्गावर नसल्यामुळे तेथे जाण्यासाठी कोलाडहून आत वळावे लागते. रेल्वे दिवा-पनवेलकडून टप्प्याटप्प्याने दक्षिणेस सरकत १९८६ साली रोह्यापर्यंत पोहोचली. पुढे रोह्यापासूनच कोकण रेल्वेचा आरंभ झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून तो सुमारे ७४० किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. ज्या रोह्यास एके काळी गाडीचा शेवट होत असे, तेथून आज रत्नागिरी, सावंतवाडी, मडगाव आणि थेट मंगळूरपर्यंत रूळ गेले आहेत, ही गोष्ट रोह्याच्या मुलांस विशेष अभिमानाची वाटेल.

दूर गेलेल्या बालकांची उदाहरणेही याच परिसरातून देता येतील. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. त्यांचे वडील बडोद्यास नोकरीस होते. त्यामुळे गागोद्यात बालपण गेलेल्या या मुलास पुढे आपल्या कुटुंबासह बडोद्यास जावे लागले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यास गेले. लहान गावातून निघालेले मूल किती दूर जाऊ शकते, हे अशा उदाहरणांनी मनावर ठसते. मात्र त्यांचा उपयोग उपदेशासाठी न करता नकाशावर बोट ठेवण्यासाठी करावा. गागोदे कोठे, बडोदे कोठे, मध्ये कोणती नदी व कोणते शहर लागते, हे मुलांनीच शोधावे.

४. पाठाचा ओघ

पहिला दिवस. शिक्षकाने फळ्यावर एक सरळ रेघ काढून तिच्यावर पनवेलपासून रोह्यापर्यंतची स्थानके मुलांकडून भरून घ्यावी : पनवेल, सोमाटणे, रसायनी, आपटे, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहे. ज्या मुलाने जे स्थानक पाहिले असेल, त्याने तेथील एक खूण सांगावी. कोणी मिठागर सांगेल, कोणी पूल, कोणी फलाटावरील भज्यांची गाडी. मुलांनी सांगितलेल्या या खुणा पुस्तकातील नकाशापेक्षा अधिक काळ लक्षात राहतात.

दुसरा दिवस. प्रत्येक मुलाने आपल्या एका दूरच्या आप्ताचे गाव सांगावे आणि तेथे जाण्याचा क्रम लिहावा. ‘घरापासून नाक्यापर्यंत चालत, तेथून सहाआसनी रिक्षेने पेण, पेणहून एस.टी.ने महाड, पुढे वाडीपर्यंत पायी’ अशा तऱ्हेने लिहिलेला एक परिच्छेद हा भाषेचाही उत्तम स्वाध्याय होतो.

तिसरा दिवस. गणिताशी सांगड. पुढील उदाहरण घालून द्यावे. एका कुटुंबात वडील, आई, सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची आजी आहेत. एस.टी.चे पूर्ण भाडे ८० रुपये धरल्यास एकूण किती पैसे लागतील? येथे मुलांस नियम सांगावेत. पाच वर्षांखालील मुलास भाडे पडत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे भाडे पडते. मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या प्रवासात महिलांस निम्मे भाडे आकारले जाते. आणि पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. म्हणजे वडिलांचे ८०, आईचे ४०, मुलीचे ४०, मुलाचे व आजीचे काही नाही. एकूण १६० रुपये. सवलतींचे नियम वेळोवेळी बदलतात, यास्तव शिक्षकाने आगारात चौकशी करूनच उदाहरण द्यावे. रेल्वेचा नियम थोडा निराळा आहे. तेथेही पाच वर्षांखालील मुलास वेगळी जागा न घेतल्यास भाडे पडत नाही. परंतु आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र जागा घेतल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. वयाचा पुरावा जवळ असावा, हेही येथेच सांगून टाकावे.

५. नाव, गाव, तालुका, जिल्हा

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा होय. गर्दीच्या स्थानकावर हात सुटलेल्या मुलास पोलीस शिपाई पहिला प्रश्न विचारतो तो गावाचा. पुष्कळ मुले उत्तर देतात, ‘आमची वाडी.’ वाडीचे नाव सांगितले तरी त्या नावाच्या चार वाड्या चार तालुक्यांत असतात. वडिलांचे नाव विचारले तर मूल ‘बाबा’ म्हणते. आणखी एक घोटाळा याच जिल्ह्यात संभवतो. १ जानेवारी १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते, आणि काही वृद्धांच्या तोंडी ते अजून आहे. आजीकडून ऐकलेले ‘कुलाबा’ हे नाव मुलाने मुंबईत उच्चारले, तर ऐकणारा त्यास मुंबईतील कुलाबा समजेल आणि शोध भलत्याच दिशेस जाईल.

म्हणून पहिलीपासून प्रत्येक मुलाकडून स्वतःचे पूर्ण नाव, आईचे व वडिलांचे नाव, वाडी, गाव, तालुका, जिल्हा आणि घरातील एक दूरध्वनी क्रमांक पाठ करून घ्यावा. हे पाठांतर प्रार्थनेनंतर दोन मिनिटांत होते. ज्या मुलास अद्याप नीट बोलता येत नाही, त्याच्या खिशात हा मजकूर लिहिलेली चिठ्ठी आईने ठेवावी. चुकामूक झाल्यास मुलाने इकडे-तिकडे धावू नये. जेथे आहे तेथेच उभे राहावे आणि गणवेशातील पोलिसास किंवा लहान मुले बरोबर असलेल्या एखाद्या बाईस सांगावे, असे शिकवावे. बालकांच्या मदतीसाठी १०९८, रेल्वेतील मदतीसाठी १३९ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

६. प्रवासात धाकटे मूल

तिसरी-चौथीतील मुलामुलींच्या कडेवर किंवा हाताशी बहुधा एखादे धाकटे भावंड असते. तेव्हा पुढील सूचना वर्गातही द्याव्यात आणि माता-पालकांच्या सभेतही सांगाव्यात.

गाडी लागणे. दोन वर्षांखालील मुलांस गाडी सहसा लागत नाही. त्यानंतर बारा वर्षांपर्यंत हा त्रास अधिक आढळतो. कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग ‘शरीर हलत आहे’ असे मेंदूस कळवितो, तर गाडीच्या आत खिळलेले डोळे ‘सर्व स्थिर आहे’ असे सांगतात. या विसंगतीने मळमळ सुरू होते. म्हणून अशा मुलास पुढच्या बाजूस व खिडकीशी बसवावे, दूरच्या डोंगराकडे पाहावयास सांगावे, चित्रांचे पुस्तक किंवा भ्रमणध्वनी हाती देऊ नये. निघण्यापूर्वी उपाशी ठेवू नये आणि तेलकटही देऊ नये. भाकरी, मऊ भात, पोहे यांसारखे हलके अन्न थोडे द्यावे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

पाणी. घरचे उकळून गार केलेले पाणी बरोबर असावे. सहा महिन्यांखालील मुलास आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये. मोठ्या मुलास जुलाब लागल्यास क्षार-संजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट लहान चमचे आणि मीठ अर्धा चमचा घालावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. कारण जादा मीठ अपाय करते. मूल निपचित पडल्यास, त्याचे डोळे खोल गेल्यास किंवा लघवी थांबल्यास घरगुती उपचारांवर विसंबून न राहता दवाखाना गाठावा. लसीकरणाचे कार्ड पिशवीत असावे.

परक्या माणसांची भीती. आठ-नऊ महिन्यांपासून पुढे मूल ओळखीचा व अनोळखी चेहरा यांतील फरक ओळखू लागते आणि अनोळखी माणसाने उचलताच रडते. दूरची आत्या वर्षाने भेटते, हात पुढे करते, आणि मूल आईच्या खांद्यात तोंड लपवते. ‘आपल्या माणसांस ओळखत नाही’ म्हणून आत्येस वाईट वाटते व आईस ओशाळल्यासारखे होते. वास्तविक हे मुलाच्या बुद्धीची वाढ नीट होत असल्याचे लक्षण आहे. आत्येने प्रथम आईशी बोलावे, मुलाच्या जवळ बसावे, एखादी वस्तू हाती द्यावी. घटकाभरात मूल आपण होऊन जवळ येते. पालकांच्या सभेत शिक्षकाने एवढे समजावून सांगितले तर कित्येक घरांतील रुसवे टळतील.

काळाची समज. तीन-चार वर्षांच्या मुलास ‘पुढल्या रविवारी घरी जाऊ’ या वाक्याचा अर्थ कळत नाही. ‘अजून तीनदा झोपून उठलो की घरी’ असे म्हटले म्हणजे त्यास मोजता येते. तसेच आईस चार दिवस दुसरीकडे जावयाचे असेल, तर मूल झोपेत असता गुपचूप निघून जाऊ नये. जागे झाल्यावर आई नाही हे पाहून त्याचा विश्वास तुटतो आणि पुढे कित्येक दिवस ते आईचा पदर सोडीत नाही. सांगून निघावे, मूल रडेल, परंतु आई सांगितल्याप्रमाणे परत येते हे त्यास कळेल.

७. पाहुणा म्हणून वागताना

आप्तांच्या गावची परिस्थिती आपल्या गावासारखीच असेल असे मुलांनी समजू नये. पेण तालुक्यात याचे ठळक उदाहरण आहे. खारेपाटातील वाशी, शिर्की या बाजूच्या गावांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई सोसली आहे. चहूकडे खाडी, जमिनीखाली खारे पाणी, आणि गोड पाण्याचा हंडा दुरून आणावयाचा. याच तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या वस्त्यांस जाते. शहरातून आलेले मूल जेव्हा तांब्याभर पाणी सहज ओतून देते, तेव्हा घरची बाई काही बोलत नाही; कारण पाहुण्याला पाण्यावरून बोलावयाचे नसते. म्हणून पाहुण्यानेच विचारावे : पाणी कोठून येते, कोण आणते, दिवसाकाठी किती हंडे लागतात? हे तीन प्रश्न मुलांनी वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरे घेऊन यावे.

रोह्याकडे जाणाऱ्या मुलांसाठी नदीची सूचना अगत्याची आहे. कुंडलिका नदी भर उन्हाळ्यातही वाहताना दिसते. याचे कारण असे की मुळशीच्या धरणात साठविलेले पाणी सह्याद्रीतून बोगद्याने खाली भिरा येथील वीजघरात सोडले जाते आणि वीज निर्माण केल्यावर ते कुंडलिकेस मिळते. भिऱ्याचे वीजघर १९२७ सालापासून चालू आहे. वीजघर सुरू झाले की नदीचे पाणी वाढते. आकाशात ढगही नसता पात्र भरू लागते. स्थानिक मुलास हे ठाऊक असते, पाहुण्या मुलास नसते. सकाळी ज्या दगडावर बसून पाय बुडविले तो दगड काही वेळाने पाण्याखाली गेलेला असू शकतो. यास्तव गावच्या मोठ्या माणसावाचून मुलांनी नदीत उतरू नये.

तिसरी सूचना विंचवाची. उन्हाळ्यात कोकणात लाल विंचवाचा उपद्रव होतो, आणि शरीर लहान असल्यामुळे मुलांस त्याचे विष अधिक बाधते. दरदरून घाम, वांती, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे होत. याच जिल्ह्यातील महाड येथे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशावर उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे मृत्यूचे प्रमाण पुष्कळच घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. तेव्हा विंचू चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ न दवडता मुलास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अंथरूण झटकून झोपावे, पादत्राण उलटे करून झटकावे, लाकडांच्या व दगडांच्या ढिगात हात घालू नये, या तीन सवयी निघण्यापूर्वीच लावाव्यात.

८. ज्यांचा प्रवास पाहुणचाराचा नसतो

सुटी संपून शाळा भरली म्हणजे शिक्षक सहजपणे विचारतात, ‘मामाच्या गावी काय केलेत?’ हात वर होतात. आंबे, गाडी, जत्रा, नवे कपडे यांची वर्णने सुरू होतात. परंतु पेण व रोहे तालुक्यांतील कित्येक वर्गांत त्याच वेळी दोन-तीन मुले खाली पाहत असतात. ती बहुधा कातकरी वाड्यांतील असतात. दिवाळीनंतर त्यांचे आईबाप वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. मुलेही बरोबर जातात. कारण मागे त्यांना सांभाळणारे कोणी नसते. त्यांनीही प्रवास केलेला असतो, कदाचित वर्गातील सर्वांहून दूरचा. मात्र प्रश्नाच्या शब्दांतच त्यांच्या प्रवासास जागा नसते.

हा प्रश्न बदलणे शिक्षकाच्या हाती आहे. ‘गेल्या काही महिन्यांत तुम्ही कोठे गेलात, कसे गेलात आणि वाटेत काय पाहिलेत?’ असे विचारले की भट्टीवरून आलेला मुलगाही बोलू शकतो. ट्रकच्या हौद्यात भांड्यांबरोबर बसून कोणत्या नाक्यांवरून गेलो, माती कशी मळतात, वीट साच्यातून कशी काढतात, रात्री धाकट्या बहिणीस कसे निजविले, हे त्यास ठाऊक असते. सहा महिने तान्ह्या भावंडास सांभाळलेल्या मुलीस या पाठातील सहावा विभाग कोणी शिकविण्याची गरज नाही. ती तो इतरांस शिकवील. तिला फळ्यापाशी बोलवावे, परंतु कौतुकाचा देखावा करू नये. इतरांप्रमाणेच तिचेही सांगणे ऐकून घ्यावे. मुलांचे कष्ट ही अभिमानाची बाब नव्हे, हेही शिक्षकाने ध्यानी ठेवावे. बोलते करण्याचा उद्देश एवढाच की त्या मुलास ‘ही शाळा माझीही आहे’ असे वाटावे. ज्यास तसे वाटत नाही ते मूल परत येईनासे होते.

बोलते करण्याबरोबर प्रत्यक्ष कृतीही हवी. कुटुंब स्थलांतर करणार असे कळताच शिक्षकाने वाडीवर जाऊन ते कोठे जाणार याची माहिती घ्यावी, मुलास शिक्षण हमी पत्रक द्यावे आणि शक्य असल्यास तेथील जवळच्या शाळेच्या शिक्षकाशी संपर्क साधावा. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. मूल दुसऱ्या तालुक्यात गेले म्हणून हा हक्क संपत नाही. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे अंगणवाड्या आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. ज्या तालुक्यात भट्ट्या आहेत तेथील शिक्षकाने हंगामात एकदा तरी भट्टीवर फेरी मारावी. दुसऱ्या एखाद्या तालुक्यातील शिक्षकाचे मूल तेथे सापडण्याचा संभव असतो.

९. परतल्यावर

प्रवासाहून आलेल्या मुलास पहिले दोन दिवस मागील अभ्यासाबद्दल बोल लावू नये. त्याने आणलेले नवे शब्द फळ्यावर लिहावे. खारेपाटातील आगरी बोली, डोंगराकडील कातकरी बोली, रत्नागिरीकडील हेल यांतून एकाच वस्तूस किती नावे आहेत ते पाहावे. एखाद्या मुलाने आप्तांकडील बोलीत वाक्य उच्चारले आणि वर्ग हसला, तर शिक्षकाने तोच शब्द स्वतः उच्चारून त्याचा अर्थ विचारावा. हसू तेथेच थांबते. त्यानंतर बुडालेला अभ्यास शेजारच्या हुशार मुलाच्या मदतीने आठवडाभरात भरून काढावा.

शेवटी प्रत्येक मुलाने आपण जेथे राहिलो त्या घरी एक पोस्टकार्ड लिहावे. सुखरूप पोहोचल्याचे कळवावे, तेथील एका माणसाने केलेल्या एका कामाचा उल्लेख करावा आणि पत्ता पूर्ण लिहावा. पत्रलेखनाचा यापेक्षा खरा पाठ नाही. ज्या मुलाचे कोणी दूरचे आप्त नसतील, त्याने भट्टीवरील सोबत्यास किंवा पूर्वीच्या शाळेतील शिक्षकास लिहावे.

१०. स्वाध्याय

(१) आपल्या गावापासून आप्तांच्या गावापर्यंतची पाच ठिकाणे क्रमाने लिहा.
(२) रोहे हे कोकण रेल्वेच्या दृष्टीने महत्त्वाचे का?
(३) उन्हाळ्यात पाऊस नसताना कुंडलिकेचे पाणी का वाढते?
(४) गाडी लागणाऱ्या भावंडासाठी कोणत्या तीन गोष्टी कराल?
(५) आजी-आजोबांनी लहानपणी केलेल्या एका प्रवासाची हकिकत विचारून दहा ओळींत लिहा.
(६) स्वतःचे नाव, गाव, तालुका, जिल्हा व एक दूरध्वनी क्रमांक न पाहता सांगा.

सहावा प्रश्न लेखी घेऊ नये. तो तोंडीच घ्यावा, आणि वर्गातील शेवटच्या मुलास तो बिनचूक सांगता येईपर्यंत हा पाठ पुरा झाला असे समजू नये.